औषधाची मात्रा आणि रक्ताची साक्ष

सन १९७८ च्या फेब्रुवारी महिन्यांत, जपानांतील ओसाका शहरीं, अठरा वर्षांच्या एका मुलीला एक नवें औषध देण्यास आरंभ झाला. औषध इतकें नवें होतें कीं, तोंवर तें कोणाहि रुग्णाच्या पोटांत गेलेलें नव्हतें. रोग मात्र जुना होता, आणि तो तिला आईकडून व वडिलांकडून, अशा दोन्ही बाजूंनीं वारशानें मिळालेला होता. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवांत कोलेस्टेरॉल नांवाचें मेदासारखें द्रव्य २०० मिलिग्रॅमच्या आंत असावें असें मानतात. या मुलीच्या रक्तांत तें सुमारें १००० होतें. अशा मुलांच्या त्वचेखालीं व सांध्यांवर पिवळट गांठी उठत, आणि तसलाच थर हृदयाच्या धमन्यांना आंतून बसत जाई. बहुतेक मुलें ऐन तारुण्यांत, कित्येक तर त्याच्याहि आधीं, हृदयविकारानें जात.

चिकित्सक होते डॉ. आकिरा यामामोतो, आणि औषध शोधून काढणारे होते डॉ. आकिरा एंडो. दोघांपुढें प्रश्न एकच होता : द्यावयाचें तें किती द्यावें? पूर्वींचा दाखला कोठेंच नव्हता. रोजचे ५०० मिलिग्रॅम ठरले. कोलेस्टेरॉल उतरूं लागलें. परंतु त्याचा आनंद मानावा तोंच, सोळाव्या दिवशीं, मुलीचे स्नायू दुबळे पडत असल्याचें दिसून आलें. रक्त तपासतां त्यांत क्रिएटिन कायनेज हें द्रव्य वाढलेलें आढळलें. या द्रव्याचें घर म्हणजे स्नायूंची पेशी. पेशींना इजा झाली म्हणजे तें बाहेर पडून रक्तांत उतरतें. औषध तत्काळ थांबविण्यांत आलें, आणि मुलगी सांवरली. प्रकरण येथेंच मिटतें तर या औषधाचें नांवहि आज कोणास ठाऊक नसतें. यामामोतो यांनीं औषध टाकून दिलें नाहीं. त्यांनीं मात्रा २०० मिलिग्रॅमवर आणली आणि उपचार पुन्हां सुरू केले.

त्या सोळा दिवसांत रक्तानें दोन साक्षी दिल्या होत्या. औषध लागू पडत आहे ही एक, आणि औषध अधिक होत आहे ही दुसरी. या दोन साक्षी एकत्र वाचून माणसागणिक मात्रा कशी ठरवावी, हा पुढच्या जवळजवळ अर्धशतकाचा वाद आहे. शहरांतील पुष्कळ घरांतून रात्रीं निजतांना याच कुळांतील एक गोळी घेतली जाते. दोन स्नेही सकाळच्या फेरफटक्यास निघाले कीं, 'तुम्हांला दहाची आणि आम्हांला चाळीसाची, असें कां बुवा?' हा संवाद ठरलेला असतो. प्रश्न गमतीनें विचारला जातो. परंतु त्याचें उत्तर मिळवितांना कांहीं माणसांनीं आपले प्राणहि गमावलेले आहेत.

कोलेस्टेरॉलची ओळख तशी फार जुनी. १८१५ च्या सुमारास शेव्हरूल या फ्रेंच रसायनज्ञानें पित्ताशयांतील खड्यांतून निघणाऱ्या पांढऱ्या पदार्थाचें नामकरण केलें. ग्रीक भाषेंतील 'पित्त' आणि 'घट्ट' अशा अर्थाच्या दोन शब्दांची ती जोड आहे. पुढें १९१० सालीं विंडाउस या जर्मन शास्त्रज्ञानें रोगट आणि निरोगी महाधमन्या तपासून पाहिल्या, तों रोगट धमन्यांत हें द्रव्य वीस ते पंचवीस पट अधिक सांपडलें. तीनच वर्षांनीं, १९१३ मध्यें, रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें निकोलाय अनिच्कोव्ह या तरुण वैद्यकानें सशांना सूर्यफुलाच्या तेलांत विरघळविलेलें कोलेस्टेरॉल चारलें, आणि त्यांच्या धमन्यांत मनुष्याच्या रोगासारखाच रोग उत्पन्न करून दाखविला. एवढ्या स्पष्ट पुराव्यावर जगानें विश्वास ठेवावयास हवा होता. परंतु इतरांनीं तोच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर केला, तेव्हां कांहींच घडलें नाहीं. ससा हा गवत खाणारा प्राणी, त्याला प्राणिज मेद चारल्यावर तो आजारी पडला यांत नवल काय, असें म्हणून कित्येकांनीं तो विषय बाजूस सारला.

वस्तुतः दोन्ही प्रयोग खरे होते. उंदराचें यकृत जास्तीचें कोलेस्टेरॉल पित्ताच्या रूपानें झपाट्यानें बाहेर टाकतें. सशाला तें साधत नाहीं. अन्न एकच, माप एकच, आणि फळ वेगळें; कारण शरीर वेगळें. या साध्या गोष्टीकडे त्या वेळीं लक्ष गेलें असतें तर पुढचा पुष्कळ घोळ टळला असता. तो टळला नाहीं, आणि गंमत अशी कीं, साठ वर्षांनीं पुन्हां एकदां उंदरानेंच शास्त्रज्ञांना चकविलें.

तें कसें, हें पाहण्यासाठीं एंडो यांच्याकडे वळलें पाहिजे. हे गृहस्थ उत्तर जपानांतील अकिता प्रांतांत १९३३ सालीं एका शेतकरी कुटुंबांत जन्मले. लहानपणापासून त्यांना अळंबी आणि बुरशी यांचा नाद. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं बुरशींतून पेनिसिलिन काढलें ही कथा त्यांच्या मनांत घर करून राहिली होती. पुढें ते औषधें बनविणाऱ्या सांक्यो कंपनींत काम करूं लागले. आपल्या शरीरांतील कोलेस्टेरॉलचा फार मोठा भाग अन्नांतून येत नाहीं, शरीरच तो घडवितें, आणि त्या घडणींत एक विशिष्ट एन्झाइम मोक्याच्या जागीं बसलेलें असतें, एवढें तोंपर्यंत कळलें होतें. या एन्झाइमला अडविणारें द्रव्य एखादी बुरशी तयार करीत असली पाहिजे, असा एंडो यांचा तर्क होता. १९७१ पासून दोन वर्षें त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं सहा हजारांहून अधिक बुरशा व सूक्ष्म जीव तपासले. शेवटीं क्योतो शहरांतील एका धान्याच्या दुकानांतील तांदळावर वाढलेल्या निळसर हिरव्या बुरशीनें हवें तें द्रव्य दिलें. घरांतील तांदळाला बुरशी आली म्हणजे आपण तो फेकून देतों. त्या दुकानांतील तांदळावर मात्र एका कुळाचा पाया घातला गेला. या द्रव्यास पुढें कॉम्पॅक्टिन म्हणूं लागले.

रिवाजाप्रमाणें तें प्रथम उंदरांना देण्यांत आलें. उंदरांच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल रेसभरहि उतरलें नाहीं! एन्झाइम अडविलें गेलें कीं उंदराचें यकृत तेंच एन्झाइम कितीतरी अधिक प्रमाणांत तयार करूं लागतें आणि औषधाचा डाव उलटवितें, हें मागाहून समजलें. त्या वेळीं मात्र कंपनींतील बहुतेकांचें मत 'औषध निकामी' असेंच झालें. एंडो यांनीं चिकाटी सोडली नाहीं. नोरितोशी कितानो या सहकाऱ्यापाशीं प्रयोगासाठीं पाळलेल्या कोंबड्या होत्या. अंडें म्हणजे कोलेस्टेरॉलचें आगर. तेव्हां कोंबडीच्या रक्तांत तें पुष्कळ असणार, असा विचार करून १९७६ सालीं त्या कोंबड्यांना औषध दिलें, तों महिन्याभरांत त्यांचें कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलें. उंदीर नापास, कोंबडी उत्तीर्ण! ओसाकाच्या मुलीपर्यंत औषध पोंचलें तें या वाटेनें.

येथेंहि मात्रेचा प्रश्न पाठ सोडीत नव्हता. १९८० मध्यें कुत्र्यांवरील दीर्घकाळच्या चांचणींत आंतड्याला अर्बुदासारखा विकार झाल्याचा संशय आला आणि सांक्यो कंपनीनें कॉम्पॅक्टिनचें काम बंद केलें. त्या कुत्र्यांना दिलेली मात्रा मनुष्यास लागणाऱ्या मात्रेच्या मानानें प्रचंड होती, हें एंडो पुढें आयुष्यभर सांगत राहिले. दरम्यान अमेरिकेंतील मर्क कंपनीनें दुसऱ्या एका बुरशींतून याच जातीचें लोव्हास्टॅटिन काढलें होतें. भीतीनें तेंहि कांहीं वर्षें अडकून पडलें, आणि १९८७ च्या सप्टेंबरांत तेथील सरकारी मान्यतेनें बाजारांत आलें. स्टॅटिन हें आज सर्वांच्या तोंडीं असलेलें कुलनाम त्यानंतरचें. एंडो २०२४ सालीं, नव्वदी गांठून, वारले. उतारवयांत त्यांचेंहि कोलेस्टेरॉल वाढलेलें निघालें, तेव्हां समोर कोण बसलें आहे याची कल्पना नसलेल्या डॉक्टरांनीं, 'काळजी करूं नका, यावर फार चांगलीं औषधें आहेत' असा त्यांना धीर दिला, अशी एक गोष्ट सांगतात.

आतां, औषध एकच असूनहि दोन माणसांत त्याचा गुण निराळा कां, याचें पहिलें भक्कम उत्तर जपानांतून नव्हे, तर अमेरिकेंतील डल्लस येथून आलें. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या जोडीनें १९७३ आणि १९७४ मध्यें असें दाखविलें कीं, रक्तांतून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे जे कण आहेत (पैकीं ज्यांना 'एल्‌डीएल्' म्हणतात आणि तपासणीच्या कागदावर ज्यांच्याकडे डॉक्टर प्रथम बोट दाखवितात ते), त्यांना पेशीच्या आंत घेण्यासाठीं तिच्या पृष्ठभागावर खास दारें असतात. आईबापांपैकीं एकाकडून सदोष जनुक मिळालें तर दारें निम्मीं. दोघांकडून मिळालें तर बहुधा मुळींच नाहींत. स्टॅटिन यकृताला स्वतःचें कोलेस्टेरॉल घडवूं देत नाहीं. तें भुकेलेलें यकृत मग दारें वाढवितें आणि रक्तांतील कण ओढून घेतें. तेव्हां ज्याच्यापाशीं दारें वाढविण्याची सोय शाबूत आहे त्याला थोड्या मात्रेनेंहि गुण येतो. ज्याच्यापाशीं दारेंच नाहींत त्याला मात्रा कितीहि वाढविली तरी फारसा उपयोग होत नाहीं. या शोधास १९८५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. एका बाजूनें वारसा मिळालेल्यांची संख्या पूर्वीं पांचशेंत एक समजत. अलीकडील गणना अडीचशेंत एक अशी आहे, म्हणजे हा विकार कांहीं दुर्मिळ नव्हे.

स्टॅटिन बाजारांत आलें तरी त्यानें जीव वांचतो कीं केवळ आंकडा उतरतो, ही शंका उरलीच होती. ती १९९४ मध्यें स्कँडिनेव्हियांतील चांचणीनें फेडली. हृदयविकार झालेल्या ४,४४४ रुग्णांपैकीं निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी देऊन पांच वर्षांहून अधिक काळ पाहिलें. नुसती गोळी घेणाऱ्यांत २५६ मृत्यू झाले, औषध घेणाऱ्यांत १८२. या चांचणींतील एक बारकावा मात्र फारसा सांगितला जात नाहीं. आरंभ सर्वांना २० मिलिग्रॅमनें केला होता. परंतु रक्तांतील कोलेस्टेरॉल २०० च्या खालीं आणावयाचें असा नेम होता, आणि तो साधेना म्हणून शेंकडा ३७ जणांची मात्रा ४० करावी लागली. दोघांच्या बाबतींत तर उलट झालें. त्यांचें कोलेस्टेरॉल फारच उतरलें म्हणून त्यांना १० वर आणावें लागलें. चार हजारांत ते दोघे! पण त्या दोघांसाठींहि मोजणीची सोय ठेवली होती, हें त्या चांचणीचें मोठेपण.

याच्या उलट २००२ मध्यें प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधील चांचणी. तींत २०,५३६ माणसें होतीं, आणि औषध मिळालेल्या प्रत्येकाला ४० मिलिग्रॅमची एकच ठरीव मात्रा. आंकडा कोठवर उतरला तें पाहून कोणाचीहि मात्रा बदलली नाहीं. आणि तरीहि लाभ स्पष्ट दिसला. येथून वैद्यकांत दोन पक्ष पडले. पहिल्या पक्षाचें म्हणणें असें : रक्त तपासा, लक्ष्य ठरवा, तें गांठेपर्यंत मात्रा कमीअधिक करा. दुसरा पक्ष म्हणे : ज्याला धोका आहे त्याला भरपूर मात्रा एकदांच द्या आणि मोकळे व्हा, वारंवार रक्त काढण्याची यातायात कशाला? अमेरिकेंतील नियमावलींत १९८८ पासून लक्ष्यें होतीं आणि तीं दर आवृत्तीला खालीं येत गेलीं. २०१३ मध्यें तेथील हृदयरोगतज्ज्ञांनीं लक्ष्यें अजिबात काढून टाकलीं आणि दुसऱ्या पक्षाची री ओढली. २०१८ मध्यें त्यांतील कांहीं विचार, ७० चा आंकडा धरून, मागल्या दारानें परत आला. युरोपीय तज्ज्ञांनीं मात्र लक्ष्य कधींच सोडलें नव्हतें.

या वादांत गणिताची एक गोष्ट सामान्य माणसानेंहि ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली म्हणजे गुणहि दुप्पट येतो असें वाटणें साहजिक आहे. तें खरें नाहीं. प्रत्येक दुपटीला मूळच्या एल्‌डीएल्‌मध्यें सुमारें शेंकडा ६ एवढीच अधिक घट होते. समजा कोणाचा आंकडा १६० आहे. अॅटोर्व्हास्टॅटिनच्या १० मिलिग्रॅमनें तो शेंकडा ३८ च्या आसपास उतरून शंभरावर येईल. आतां मात्रा आठपट करून ८० केली, तर तो सुमारें ७२ वर येईल. पहिल्या दहांनीं साठाची घट केली, पुढच्या सत्तरांनीं केवळ अठ्ठावीसाची. लाभ असा मंदावत जातो. स्नायूंना होणारा उपद्रव मात्र मात्रेबरोबर वाढत जातो. ज्याला त्या अठ्ठावीसांची खरी गरज आहे त्यानें ती किंमत जरूर द्यावी. नाहीं त्यानें ती कां म्हणून द्यावी?

ती किंमत किती मोठी असूं शकते हें २००१ मध्यें जगाला दिसलें. सेरिव्हास्टॅटिन हें बायर कंपनीचें औषध त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें बाजारांतून मागें घेण्यांत आलें. स्नायू विरघळून त्यांचे अवशेष मूत्रपिंडांत अडकतात आणि मूत्रपिंडें बंद पडतात, असा तो भयंकर प्रकार. त्यानें झालेल्या ५२ मृत्यूंची त्या वेळीं नोंद झाली होती. मोठी मात्रा घेणारे, आणि त्याच्या जोडीला जेम्फिब्रोझिल हें मेद उतरविणारें दुसरें औषध घेणारे, यांत हे बळी विशेष होते. जोडीच्या औषधामुळें स्टॅटिनचा शरीरांतून निचरा होईना आणि तें रक्तांत सांचत गेलें. कागदावर लिहिलेली मात्रा आणि रक्तांत प्रत्यक्ष पोंचलेली मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा एवढी किंमत देऊन मिळाला.

मग रक्तांत पोंचणारी मात्रा आधींच ओळखतां येईल काय? २००८ मध्यें ब्रिटनमधील संशोधकांनीं याचें अंशतः होकारार्थी उत्तर दिलें. सुमारें १२,००० रुग्णांच्या एका चांचणींत निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिनची ८० मिलिग्रॅमची मोठी मात्रा दिली जात होती. त्यांपैकीं ज्यांचे स्नायू बिघडले असे ८५ जण आणि ज्यांना कांहीं झालें नाहीं असे ९० जण निवडून, त्यांच्या जनुकांतील तीन लाखांहून अधिक जागा ताडून पाहण्यांत आल्या. एवढ्या जागांतून ठळकपणें एकच पुढें आली. औषधाला रक्तांतून यकृतांत घेणारें एक द्वार आहे; त्या द्वाराचा नमुना ठरविणारें तें जनुक. द्वार मंद असलें कीं औषध यकृताबाहेर ताटकळत राहतें आणि स्नायूंकडे वळतें. ज्यांच्यांत या जनुकाच्या दोन्ही प्रती मंद जातीच्या, त्यांना ८० मिलिग्रॅमवर पांचसहा वर्षांत स्नायुविकार होण्याचा संभव शेंकडा १८; एक प्रत मंद असलेल्यांस सुमारें ३; आणि दोन्ही प्रती चांगल्या असलेल्यांस एकाहूनहि कमी. ओसाकाच्या मुलीचे स्नायू तीस वर्षांपूर्वीं कां दुबळे पडले हें यावरून सिद्ध होत नाहीं. पण असें एखाद्याच्याच बाबतींत कां घडावें याचें एक कारण तरी हातीं आलें. २०११ मध्यें अमेरिकेंतील औषध-नियंत्रकांनीं ८० ची ही मात्रा नव्या रुग्णांस देऊं नये असें ठरविलें.

आपल्याकडील वाचकांना याहून जवळची अशी हकीकत रोसुव्हास्टॅटिनची आहे. हें औषध २००३ मध्यें अमेरिकेंत आलें, आणि दोन वर्षांतच त्याच्या माहितीपत्रकांत आशियाई वंशाच्या रुग्णांस ५ मिलिग्रॅमपासून आरंभ करण्याचा विचार व्हावा अशी सूचना घालावी लागली. सिंगापुरांत राहणारे चिनी, मलायी, भारतीय आणि गोरे अशा चार समाजांच्या लोकांना सारखीच मात्रा देऊन त्यांच्या रक्तांतील औषध मोजलें होतें. गांव एक, हवा एक, गोळी एक. परंतु चिनी मंडळींच्या रक्तांत औषध गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक भरलें. मलायी त्यांच्या खालोखाल. भारतीय त्यांच्याहि खालीं, पण गोऱ्यांहून स्पष्टपणें वर. औषधाला शरीराबाहेर ढकलणारें एक दुसरें जनुक याला कांहीं अंशीं कारण आहे असें पुढें आढळलें. जपानी वैद्य तर पूर्वींपासूनच थोडक्या मात्रेवर समाधान मानीत आले होते. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तेथील मोठ्या चांचणींत प्राव्हास्टॅटिनच्या अवघ्या १० ते २० मिलिग्रॅमनें हृदयविकाराचे प्रसंग एक-तृतीयांशानें घटले होते.

तथापि 'आशियाई' हा शब्द म्हणजे कांहीं मोजमाप नव्हे. चिनी, मलायी आणि भारतीय यांच्यांतच एवढें अंतर निघालें, तर एका घरांतील दोन भावांत तें निघणार नाहीं कशावरून? वंश पाहून मात्रा ठरविणें हें, रक्त तपासण्याची सोय नसतां, अंधारांत चांचपण्यासारखें आहे. चांचपणें हें आंधळेपणाहून बरें, एवढेंच फार तर म्हणतां येईल.

येथवर सर्व साक्ष रक्ताची झाली. रुग्ण स्वतः जें सांगतो त्याचें काय? 'गोळी घेतल्यापासून पिंढऱ्या दुखतात' ही तक्रार घरोघर ऐकूं येते आणि तिच्यापायीं कित्येकजण औषध सोडून देतात. २०२० मध्यें लंडन येथें अशाच ६० जणांवर एक मोठा कल्पक प्रयोग झाला. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या, दर महिन्यास एक : चारींत स्टॅटिन, चारींत हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी, आणि चार रिकाम्या. क्रम कोणालाच ठाऊक नाहीं. प्रत्येकानें रोज आपल्या त्रासाला गुण द्यावयाचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रासाची सरासरी ८, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४, आणि खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३! म्हणजे वाढलेल्या त्रासाचा दहांतील नऊ भाग गोळी घेतल्याच्या जाणिवेचा होता, औषधाचा नव्हता. दुखणें खोटें होतें असें मात्र यांत कोणीं म्हटलेलें नाहीं. दुखणें खरेंच होतें, कारण निराळें होतें. आपापल्या वर्षाचा हिशेब डोळ्यांनीं पाहिल्यावर त्या साठांपैकीं तीस जणांनीं औषध पुन्हां सुरू केलें. मात्रेचा प्रश्न माणसागणिक सोडविण्याचें इतकें चोख उदाहरण क्वचितच सांपडेल. जनुकें न उलगडतां, केवळ बारा बाटल्या आणि एक टांचण यांवर तें साधलें. गोळी आपल्या मनानें सोडणाऱ्यानें, किंवा शेजाऱ्याची पाहून आपली निम्मी करणाऱ्यानें, निदान एवढा तरी हिशेब डॉक्टरांपुढें मांडावा.

दोन पक्षांच्या भांडणाचा निवाडा, होतां होईल तों समोरासमोर, २०२३ मध्यें दक्षिण कोरियांत झाला. तेथील बारा रुग्णालयांत हृदयाच्या धमन्यांचा विकार असलेले ४,४०० रुग्ण घेतले. निम्म्यांना सरसकट मोठी मात्रा; उरलेल्या निम्म्यांचें रक्त तपासून एल्‌डीएल् ५० ते ७० च्या दरम्यान राहील अशी ज्याची त्याला मात्रा. तीन वर्षांनीं मृत्यू, हृदयाघात, पक्षाघात आणि धमनीवरील उपचार यांची एकत्र मोजदाद केली. रक्त पाहून मात्रा ठरविलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ८.१ आणि सरसकट मोठी मात्रा घेणाऱ्यांत ८.७ निघालें. मोजून दिल्यानें कांहीं बिघडत नाहीं, एवढें सिद्ध झालें; मोजून दिलेलें अधिक चांगलें, हें त्या अंतरावरून म्हणतां येत नाहीं, आणि संशोधकांनींहि तसें म्हटलें नाहीं. परंतु पहिल्या गटांतील शेंकडा त्रेचाळीस जणांचें मध्यम मात्रेवरच भागलें होतें. दुसऱ्या पक्षाच्या रीतीनें त्या सर्वांना मोठी मात्रा घ्यावी लागली असती.

त्या यकृत-द्वाराच्या जनुकाची तपासणी आज उपलब्ध आहे. तिच्यावरून कोणतें स्टॅटिन किती द्यावें याचीं कोष्टकें २०१२ पासून तज्ज्ञांनीं प्रसिद्ध केलेलीं आहेत आणि २०२२ मध्यें त्यांची नवी आवृत्तीहि निघाली. तरी बहुसंख्य रुग्णांच्या वाट्याला ती अद्याप येत नाहीं. त्यांच्यासाठीं जुनीच रीत चालूं आहे. गोळी सुरू केल्यावर चार ते बारा आठवड्यांनीं रक्त पुन्हां द्यावयाचें. एल्‌डीएल् किती उतरलें तें पाहावयाचें. अंग दुखत असेल तर क्रिएटिन कायनेज मोजावयाचें. आणि त्या कागदावरून दहाचे वीस करावयाचे, किंवा चाळीसाचे वीस. ओसाका येथें पांचशेंचे दोनशें झाले ते याच रीतीनें.